जालना जिल्ह्यातील हंगामी माळवे व आठवडी बाजार : तोड्याचे दिवस आणि बाजाराचा वार

शेतमालाच्या विक्रीव्यवस्थेसंबंधी आपल्याकडे जे लेखन झाले आहे, त्याचा फार मोठा भाग कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन अशा एकदा काढून पोत्यांत भरता येणाऱ्या मालाविषयी आहे. हे स्वाभाविक आहे. ज्या मालाची आवक बाजार समितीच्या वहीत नोंदली जाते, त्याचेच आकडे अभ्यासकाच्या हाती सहज येतात. परंतु कोरडवाहू शेतावर वर्षभर जे थोडे थोडे निघत राहते, म्हणजे पावसाळ्यातील वाळके व भेंडी, थंडीतील हरभऱ्याची भाजी व बोरे, उन्हाळ्यातील कांदे, कैऱ्या व चिंच, त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते. मराठवाड्याच्या बोलीत ज्याला 'माळवे' म्हणतात तो हा माल. पाटीत बसतो, डोक्यावरून जातो आणि संध्याकाळपर्यंत संपला नाही तर बहुधा वाया जातो. ह्या मालाचा बाजार म्हणजे आठवडी बाजार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी आहे आणि जेथे खरी नाही तेथे तसे का, ह्याचा विचार जालना जिल्ह्याच्या संदर्भात करण्याचे येथे योजिले आहे.

जालना हा स्वतंत्र जिल्हा म्हणून १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात असून उर्वरित बहुतेक प्रदेश औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे त्याचे आठ तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार होती व दर पाच माणसांपैकी चार खेड्यांत राहणारी होती. उत्तरेस पूर्णा, मध्यभागी दुधना व तिला मिळणारी कुंडलिका आणि दक्षिण सीमेवर गोदावरी, असा नद्यांचा क्रम आहे. जमीन काळ्या दगडाची, कोठे खोल तर कोठे वीतभर. पाऊस सरासरीने सुमारे साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर. ही सरासरी मात्र फसवी आहे. एका वर्षी पेरणी दोनदा करावी लागते, दुसऱ्या वर्षी हस्ताचा पाऊसच येत नाही आणि विहिरी पौषातच तळ गाठतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी जिल्ह्याच्या दक्षिण भागास मिळते व तेथे उसाने चांगलेच मूळ धरले आहे. बाकीचा जिल्हा पावसावर, विहिरीवर व अलीकडे शेततळ्यांवर अवलंबून आहे. कडवंचीसारख्या गावी १९९६ पासून पाणलोटाचे काम झाले, नंतर शेकडो शेततळी खोदली गेली आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. ते उदाहरण सर्वश्रुत आहे. तथापि ते जिल्ह्याचे प्रातिनिधिक चित्र नव्हे.

जालना शहराची फळबाजाराची परंपरा जुनी आहे. कुंडलिकेच्या काठचे हे शहर व तेथील मोती तलाव ह्यांच्या आश्रयाने बागा वाढल्या व तेथील फळे हैदराबाद व मुंबईकडे जात, असे जुनी गॅझेटिअरे सांगतात. मनमाड-सिकंदराबाद हा लोहमार्ग १९०० साली सुरू झाल्यावर ह्या व्यापारास वेग आला. 'जालना सोने का पालना' ही उक्ती लोकांच्या तोंडी आहे, ती ह्या पेठेच्या सुबत्तेवरूनच. मोसंबी हे जिल्ह्याचे आजचे मुख्य फळपीक असून 'जालना मोसंबी'स २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

परंतु मोसंबीचा व आठवडी बाजाराचा संबंध नाममात्रच आहे. पुढील विवेचनाची दिशा ह्या गोष्टीतून स्पष्ट होत असल्याने तिचा थोडा विस्तार करणे इष्ट ठरेल.

मोसंबीला बहार धरावा लागतो. झाडाचे पाणी तोडून त्यास ताण द्यावयाचा, पाने मलूल झाली की मशागत व खत करून पुन्हा पाणी सोडावयाचे, म्हणजे फुले एकदम येतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार. त्याची फळे पावसाळा संपता संपता काढणीस येतात. जून-जुलैत फुलतो तो मृग बहार. त्याची फळे पुढील फेब्रुवारीपासून मिळतात. हस्त बहारही धरतात, पण कमी. पहिल्यास उन्हाळाभर विहिरीत पाणी लागते आणि दुसऱ्यास पावसाच्या बेभरवशाचा धोका असतो. एवढा खटाटोप केल्यावर बागेतील माल एकाच वेळी व एकाच जातीचा निघतो. तो पाटीत बसणारा नव्हे. बागवान किंवा व्यापारी झाडावरची फळे पाहून बाग उक्ती घेतो, इसार देतो आणि आपली माणसे लावून तोडणी करतो. अथवा शेतकरी स्वतः तोडून जालन्याच्या मोंढ्यात नेतो. तेथे हर्राशी होते व माल उत्तरेकडील शहरांना रवाना होतो. गावच्या बाजारात जी मोसंबी दिसते ती लहान, डागी किंवा गळालेली असते. २०१२-१३ च्या दुष्काळात ह्याच बागा वाळल्या व कित्येकांनी त्या मुळासकट उपटून टाकल्या. एका पिकावर सर्व भार टाकण्याचा धोका त्या वर्षी साऱ्यांच्या प्रत्ययास आला. त्या वेळी ज्या घरांत चार शेळ्या, विहिरीच्या दांडाला पाच-दहा गुंठे भाजी व बांधाला चार बोरी होत्या, तेथे आठवड्याचे मीठमिरचीचे पैसे तरी फिरत राहिले. बागेचा पैसा वर्षातून एकदा येतो व बहुधा पुरुषाच्या हाती येतो. माळव्याचा पैसा आठवड्याला येतो आणि तो विकणारीच्या कनवटीस लागतो. घरखर्चाच्या दृष्टीने ह्या दोन पैशांची जात निराळी आहे. किमतीच्या तक्त्यांत मात्र हा भेद दिसत नाही.

आता ह्या माळव्याचे वर्ष कसे असते ते पाहू. मृगाच्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांत रानात तांदुळजा, पाथरी, घोळ, कुर्डू ह्या न पेरलेल्या भाज्या उगवतात. निंदणीस गेलेल्या बायका त्या खुडून आणतात. श्रावण-भाद्रपदात कापसाच्या व तुरीच्या ओळींतून लावलेली भेंडी, गवार, चवळी आणि वेलांची वाळके, दोडके सुरू होतात. अंबाडीची भाजीही ह्याच दिवसांतील. नवरात्राच्या आगेमागे सीताफळे येतात. मार्गशीर्षापासून वांगी, मेथी, शेपू, हरभऱ्याचा शेंडा, करडईची कोवळी पाने, तुरीच्या ओल्या शेंगा, हुरडा, बोरे व पेरू ह्यांची एकच गर्दी होते. जालन्याकडील बाजार सर्वांत भरलेला दिसतो तो ह्याच दोन-अडीच महिन्यांत. फाल्गुनानंतर माळवे आटत जाते. ज्याच्या विहिरीला पाणी तोच कांदा, काकडी व कोथिंबीर काढतो. गोदावरीच्या बाजूस टरबूज-खरबूज येते. चिंच फोडून विकणे हा चैत्र-वैशाखातील बायकांचा हुकमी व्यवसाय. पुढे गावरान आंबा व जांभूळ येईपर्यंत बाजारात बाहेरून आलेल्या मालाचेच राज्य असते.

ह्या मालिकेत गेल्या तीसएक वर्षांत पुष्कळ खंड पडला आहे. सोयाबीन दाट पेरले जाते व त्यात आंतरपिकास वाव राहत नाही. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली आणि कापसाचे क्षेत्रही अधिक एकसुरी झाले. तणनाशकाने तणाबरोबर तांदुळजा व पाथरीही जाते. निंदणीच मोडली, तेव्हा निंदणीबरोबर येणारी भाजीही मोडली. एक गमतीची गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. जालना हे बियाण्यांच्या उद्योगाचे केंद्र बनले ते बद्रीनारायण बारवाले ह्यांच्या उद्योगामुळे. त्यांची महिको ही संस्था १९६४ साली स्थापन झाली व त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा आरंभ 'पुसा सावनी' ह्या भेंडीच्या वाणापासून झाला होता. ज्या शहराने देशाला कापसाचे संकरित बियाणे पुरविले, त्याची पहिली पायरी बाजारात पाटीने विकली जाणारी भाजी होती!

तोड्याचे गणित

आठवडी बाजारासंबंधी सामान्यतः असे म्हटले जाते की, खेड्यातील मागणी रोजच्या बाजारास पुरेल इतकी नसते, म्हणून ती आठवड्यातून एका दिवशी गोळा होते. हे बरोबर आहे. जी. विल्यम स्किनर ह्यांनी १९६४-६५ मध्ये चीनच्या ग्रामीण बाजारांवर जी प्रसिद्ध लेखमाला लिहिली, तीत हीच मीमांसा आहे. परंतु हे स्पष्टीकरण मागणीच्या बाजूचे आहे. पुरवठ्याच्या बाजूने पाहिल्यास प्रश्न निराळा उभा राहतो. बाजाराला वार असतो आणि पिकाला तोडा असतो. वार सात दिवसांनी येतो. तोडा मात्र पिकाच्या स्वभावाप्रमाणे येतो. भेंडी दिवसाआड तोडावी लागते, वांगी सुमारे चार दिवसांनी. मेथी एकदाच उपटावयाची, पण उपटल्यावर ती दुसऱ्या दिवशी पिवळी पडू लागते. बोरे आठवडाभर टिकतात, चिंच वर्षभर.

उदाहरणादाखल वांग्याचा हिशेब मांडू. समजा, एखाद्या कुटुंबाने दहा गुंठे वांगी लावली आहेत व दर चौथ्या दिवशी तोडा होतो. पहिला तोडा बाजाराच्या दिवशीच पडला असे धरले, तर अठ्ठावीस दिवसांच्या फेऱ्यात सात तोडे व चार बाजार येतात. पहिल्या बाजारास माल त्याच दिवशीचा असेल, दुसऱ्यास तीन दिवसांचा शिळा, तिसऱ्यास दोन दिवसांचा व चौथ्यास एक दिवसाचा. ह्याप्रमाणे चार तोडे कसेबसे बाजारास जुळतात आणि तीन तोड्यांना बाजारच नाही. तोडा लांबवून सात दिवसांवर न्यावा तर वांगे जून होते, आत बी धरते आणि झाडाचा पुढील बहरही मंदावतो. आता प्रत्येक तोड्यास साठ किलो माल निघतो असे समजू. बाजारात बसून एक बाई दिवसभरात किरकोळीने चाळीस किलो विकू शकली, तरी वीस किलो दिवे लागताना शिल्लक उरतात आणि ते मिळेल त्या भावाने द्यावे लागतात. म्हणजे महिन्याच्या ४२० किलोंपैकी बाजारात बसून योग्य भावाने गेलेला माल १६० किलोच भरतो. आकडे कल्पित असल्याने त्यांवर विसंबण्याचे कारण नाही. प्रमाण मात्र विचार करण्याजोगे आहे. ज्यास आपण शेतकऱ्याचा स्वतःचा बाजार म्हणतो, त्यात त्याच्या मालाचा निम्म्याहून कमी भाग खपतो, आणि ह्यास व्यापाऱ्याची लबाडी कारण नसून सात व चार ह्या दोन अंकांचे न जुळणे कारण आहे.

इतर समाजांनी ह्या न जुळण्यावर काय उपाय योजले, हे पाहणे उद्बोधक ठरेल. पश्चिम आफ्रिकेत योरुबा व इग्बो लोकांचे बाजार चार दिवसांच्या फेऱ्याने भरत आले आहेत. जावामध्ये पाच दिवसांचा बाजाराचा आठवडा आहे आणि त्या दिवसांना स्वतंत्र नावे आहेत. स्किनर ह्यांनी वर्णिलेल्या सेच्वानमध्ये दहा दिवसांच्या चक्रात तीन दिवस बाजार भरे. एका गावाचा पहिला, चौथा व सातवा दिवस असेल, तर शेजारच्या गावाचा दुसरा, पाचवा व आठवा. ह्या सर्व ठिकाणी एकाच बाजाराची पुनरावृत्ती तीन ते पाच दिवसांत होते. आपल्या सात वारांच्या चक्रात ती होत नाही. तथापि आपल्याकडे उपाय झाला नाही असेही नाही. शेजारच्या गावांचे वार एकमेकांत गुंतू नयेत अशी योजना जुन्या काळापासून दिसते. कोसा-दोन कोसांच्या टप्प्यात दोन बाजार असले आणि त्यांच्या वारांत तीन-चार दिवसांचे अंतर असले, म्हणजे वांग्याचा तोडा बरोबर जुळतो. नवी पेठ वसविताना तिचा वार कोणता ठेवावा, ह्याची चर्चा शेटे-महाजनांच्या काळी होई, ती उगीच नव्हे. बाजारातील प्रत्येक विक्रेत्याकडून मूठभर माल घेण्याचा 'फसकी'चा हक्क ज्यांच्याकडे असे, त्यांनाही बाजार भरता राहणे हिताचेच होते.

परंतु ह्या उपायाच्या पोटातच त्याचे वैगुण्य आहे. दोन बाजार करावयाचे तर घरातील एका माणसाचे दोन दिवस मोडतात. जाण्यायेण्याचे भाडे दुप्पट होते. सुगीत तर मजुरीचा दिवस सोडून पाटी घेऊन बसणे परवडतच नाही. उलट ज्याला शेत नाही, ज्याचे काम फक्त विकणे हेच आहे, त्याला वारांची ही साखळी म्हणजे सोन्याची खाणच. तो सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या गावी, असे आठवड्याचे सहा-सात बाजार करतो. त्याचे टेम्पोचे भाडे सगळ्या बाजारांवर विभागले जाते व उरलेला माल उद्याच्या गावी विकता येतो. शेतकऱ्याच्या मालाची नासाडी टाळावी म्हणून ज्या व्यवस्थेने वार वेगळे ठेवले, त्याच व्यवस्थेने फिरत्या विक्रेत्यास आसन दिले. हा फिरता विक्रेता बहुधा स्वतःही अल्प भांडवलाचा, पहाटे जालन्याच्या हर्राशीत उचल घेऊन माल भरणारा असतो. त्यास दोष देण्यात अर्थ नाही. परिणाम मात्र असा होतो की, गावातील वांगी टेम्पोने जालन्यास जातात, तेथे त्यांची बोली होते आणि त्यांतील काही दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या बाजारात पालाखाली येऊन बसतात. दोन्ही वेळचे भाडे, हमाली व मधल्यांचा नफा ज्या कुटुंबाने वांगी पिकविली त्याच्या भावातून व ज्याने ती खाल्ली त्याच्या खिशातून जातो.

कायदा व पाटी

ह्या प्रकारात कायद्याचा भाग किती, असा प्रश्न येथे सहज उद्भवतो. मराठवाड्यात नियंत्रित बाजाराची कल्पना निजामी राजवटीत, हैदराबाद संस्थानच्या १३३९ फसलीच्या कायद्याने आली. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्र ह्यांचे निरनिराळे कायदे एकत्र करून १९६३ चा महाराष्ट्राचा पणन अधिनियम झाला व तो १९६७ पासून अंमलात आला. ह्या सर्व कायद्यांचा हेतू वजनातील लबाडी, हाताखाली रुमाल टाकून होणारे गुप्त सौदे, मनमानी कपात ह्यांना आळा घालणे हा होता. तो हेतू धान्य व कापूस ह्यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी सफल झाला, हे मान्य केले पाहिजे. जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला ह्यांना बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त करण्यात आले आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. त्याच वर्षी संत सावता माळी ह्यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजाराचे अभियान सुरू झाले. सावतोबांचे नाव देण्यातील औचित्य कोणासही पटेल.

ही सुधारणा स्वागतार्ह असली, तरी तिची दृष्टी शहराकडे आहे. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी मैदान मिळवून देणे व तेथवर शेतकऱ्यांच्या गटांनी माल नेणे हे तिचे स्वरूप. ज्यांच्याकडे ठिबक, शेततळे व गाडीभर माल आहे, त्यांना तिचा लाभ होतो. जाफराबाद किंवा मंठा तालुक्यातील जी बाई दहा किलो तुरीच्या शेंगा व पाच जुड्या अंबाडी घेऊन निघते, तिच्यावर पूर्वीही बाजार समितीचे नियंत्रण नव्हते आणि आताची मुक्तीही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिला ज्या कायद्याची गाठ पडते तो निराळाच आहे. गावचा बाजार ग्रामपंचायतीच्या अधिकारात येतो. बसण्याची फी, जिला ह्या भागात अजून 'तहबाजारी' म्हणतात, ती वसूल करण्याचा हक्क पंचायत वर्षासाठी लिलावाने देते आणि जो हा लिलाव घेतो तो आपली रक्कम वसूल करण्याच्या मागे असतो. फी माणशी घेतली काय किंवा जागेवर घेतली काय, तिचा भार लहान मालावर अधिक पडतो. समजा, बैठकीस दहा रुपये पडतात. दोन हजारांची विक्री करणाऱ्यास ते जाणवतही नाहीत. दीडशे रुपयांच्या पाटीवर ते शेकडा साडेसहाहून अधिक झाले. एवढी आडत हर्राशीत कोणी मागितली तर वर्तमानपत्रांत गवगवा होईल!

जागेचीही गोष्ट तशीच. पाले ठोकणारे ठरलेल्या जागी असतात व रस्त्याच्या तोंडाची जागा त्यांचीच मानली जाते. स्वतःचा माल आणणाऱ्या बायका कडेला, कधी नाल्याच्या काठाशी, पोत्याचा तुकडा पसरून बसतात. बाजारात सकाळी गेले तर त्या दिसतात. दुपारी चारनंतर गेल्यास त्यांतील निम्म्या उठून गेलेल्या असतात, कारण परतीची गाडी गाठावयाची असते. आणि खरे गिऱ्हाईक तर मजुरी सुटल्यावर, पाचनंतर येते. त्यामुळे दिवसाचा चांगला भाव बहुधा राहणाऱ्याच्या वाट्यास येतो. एका बाबतीत मात्र ह्या बायकांचा वरचष्मा आहे. वजनाऐवजी वाट्याने विकण्याची त्यांची पद्धत. इलेक्ट्रॉनिक काट्यावर किलोचा भाव एका आवाजात सर्वांना ऐकू जातो, पण वाट्याचा आकार गिऱ्हाईक पाहून व वेळ पाहून कमीजास्त करता येतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून ही पद्धत मागास म्हणून गणली जाते. माल नाशवंत असेल व विकणारा लहान असेल, तेव्हा ती पद्धत शहाणपणाची आहे असे आमचे मत आहे.

मार्च २०२० मध्ये महामारीच्या निर्बंधांमुळे राज्यातील आठवडी बाजार बंद झाले व ऑक्टोबर २०२० पर्यंत बहुतेक ठिकाणी ते बंदच राहिले. जे एरवी कोणासही हेतुतः करता आले नसते, ते ह्या काळात घडून आले. वार नाहीसा झाला आणि तोडे चालूच राहिले. ह्या काळात गावोगाव काही शेतकऱ्यांनी मोटारसायकलीवर कॅरेट बांधून दारोदार विक्री केली. ज्यांच्याकडे गाडी व तरुण मुलगा होता त्यांना ते साधले. पाटी घेऊन बसणाऱ्या वयस्क बायकांना साधले नाही. म्हणजे बाजार ही केवळ मालाची जागा नव्हती. ज्यांना गिऱ्हाइकाकडे जाता येत नाही, त्यांच्याकडे गिऱ्हाईक आणून देणारी ती व्यवस्था होती. दारोदार विक्रीत दिवसांचे बंधन नसल्याने तोडा व विक्री ह्यांची सांगड चांगली बसली, हीही बाजू लक्षात घेण्यासारखी आहे.

ह्यावरून एक सूचना पुढे येते. मोठे मैदान, शीतगृह वगैरे योजनांपेक्षा तिला खर्च कमी लागेल. ज्या गावी बाजार भरतो, तेथेच मुख्य वारापासून तीन किंवा चार दिवसांच्या अंतराने, सकाळी दोन-तीन तासांचा दुसरा लहान बाजार पंचायतीने भरवावा. तो फक्त पिकविणाऱ्यांसाठी असावा आणि एका पाटीस फी नसावी. दोन-तीन तासांचा बाजार फिरत्या विक्रेत्यास परवडणार नाही, सबब त्यास मनाई करण्याचीही गरज पडणार नाही. वर दिलेल्या वांग्याच्या हिशेबात सातांपैकी तीन तोडे निराधार राहत होते. साडेतीन दिवसांच्या फेऱ्यात प्रत्येक तोड्यास एक बाजार मिळेल. अर्थात मागणी त्या दिवशी येईल काय, हा खरा प्रश्न आहे. ज्या गावात शाळा, दवाखाना, बँक ह्यांमुळे रोजची येजा आहे, अशा तालुक्याच्या किंवा मंडळाच्या गावी ती येण्याचा संभव आहे. दीडशे उंबऱ्यांच्या वस्तीत येणार नाही.

विभागातील ज्या विद्यार्थ्यांना ह्या विषयावर क्षेत्रकार्य करावयाचे असेल त्यांच्यासाठी कामाच्या पद्धतीविषयी थोडे लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. पुण्याच्या गोखले संस्थेने १९३३ मध्येच तेथील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध केली होती. फळ कोणकोणत्या हातांतून जाते, हे मालाच्या मागोमाग जाऊन पाहण्याची तशीच पद्धत येथेही उपयोगी पडेल. बाजारातील विक्रेते एकदाच मोजून भागणार नाही. ते सकाळी दहाला व सायंकाळी पाचला असे दोनदा मोजावेत. 'माल तुमचा स्वतःचा काय?' असा सरळ प्रश्न विचारल्यास उत्तर बहुधा होय असेच येते, कारण गावरान म्हटल्याने भाव चढतो. त्याऐवजी मागील तोडा कोणत्या दिवशी झाला व तो माल कोठे गेला, हे विचारावे. ज्याचे शेत आहे त्याला वार आठवतो, आणि ज्याने माल हर्राशीतून आणला आहे तो घोटाळतो. पाहणी पौषात केली तर सारा जिल्हा माळव्याने भरलेला दिसेल व वैशाखात केली तर रिकामा, म्हणून एकाच बाजारास किमान चार ऋतूंत जावे. श्रावणातील एक फेरी तरी पावसातली असावी. पाल नसलेल्या बायका त्या दिवशी कोठे बसतात, हे दुसऱ्या कोणत्याही दिवशी कळत नाही.